माळावरची पहिली रेघ

बाळांनो, पुढं वाचायच्या आधी पुस्तक क्षणभर मांडीवर ठेवा आणि एक गोष्ट मनात आणून बघा. तुमचं घर, घरामागची बोर, शेजारच्यांची भिंत, तुम्ही लगोरी मांडता ती मोकळी जागा, सगळं येत्या पावसाळ्यात पाण्याखाली जाणार आहे. दुसरी जागा मिळेल. पण कोणती, ते तुमच्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून एकमतानं ठरवायचं, तेही शुक्रवारपर्यंत. नाही ठरलं, तर लगोरीतले तुमचे भिडू एका गावाला जातील आणि तुम्ही दुसऱ्या.

आणलंत मनात? मग आता संगिताच्या शेजारी येऊन बसा.

संगिता बारा वर्षांची, सातवीची परीक्षा नुकतीच संपलेली. बुधवारची सकाळ होती. हिंगोली वेगळा जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं आणि शेजारच्या साखरा गावच्या नाल्यावर तलावाचा बांध जवळजवळ पुरा झाला होता. त्या पाण्याखाली जाणाऱ्या पेमा नायकाच्या बंजारा तांड्यातली अडतीस घरं सेवालाल महाराजांच्या पांढऱ्या झेंड्याखाली जमली होती. शुक्रवारपर्यंत सगळ्यांनी मिळून एक जागा सेनगावच्या तहसील कचेरीत लिहून द्यायची होती. ओट्यावर मधोमध पेमा नायक, संगिताचे आजोबा. त्यांच्या उजव्या हाताला थोरला मुलगा जगन, म्हणजे संगिताचा बाप. डाव्या हाताला धाकटा रणजीत, आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर जीप चालवणारा. दोघा भावांचं चार दिवसांपासून बोलणं बंद होतं. बोलायचंच झालं तर दोघंही बापाकडं तोंड करून बोलत.

"बापू, त्यांना सांगा," रणजीत म्हणाला, "बाळापूरला सरकार डांबरी रस्त्याला लागून प्लॉट देऊन राहिलं. बाजार हाय, दवाखाना हाय. माळावर काय हाय? गवत अन् तरोटा."

"बापू, त्याला सांगा," जगन म्हणाला, "बाळापूरला सगळे प्लॉट अठरा हायत. आपली घरं अडतीस. उरलेली वीस घरं काय त्याच्या जीपच्या टपावर ठिवायची का?"

लोक हसले. रणजीत हसला नाही.

माळाचं प्रकरण असं होतं. पेमाच्या घराण्यात एक जुनी रीत होती. वाडवडील मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या बैलांवर लादून मुलुखभर फिरायचे. मुक्काम कुठं करायचा, हे पुढचा बैल ठरवायचा. त्याची वेसण सोडायची, गळ्यात घंटा बांधायची, आणि तो आपणहून जिथं बसेल तिथं गोण्या उतरवायच्या. गेल्या रविवारी जगननं हरण्या बैलाला असंच साखऱ्याच्या वरच्या माळावर सोडलं होतं. हरण्या हुंगत हुंगत वर गेला आणि सपाट जागा बघून ऐसपैस बसला. लोकांनी गुलाल उधळला. तिथंच खुंट्या ठोकल्या, पोरांनी आजूबाजूचे दगड वेचून घरांचे कोपरे मांडले. संगितानं सारख्या उंचीचे तीन छोटे, चपटे दगड शोधून आणले आणि आजीसाठी चूलसुद्धा मांडली.

कागदोपत्री माळ गायरान होतं. गायरान म्हणजे कुणाच्याच नावावर नसलेली, गावाच्या गुरांची जमीन. सरकारकडं ती मागता येत होती. तरीही तांड्यातली चौदा घरं रणजीतच्या बाजूनं होती.

"तुमचा बैल बसला म्हनून आमी बसायचं काय?" रणजीत म्हणाला. "तो दमला म्हनून बसला आसंल."

"तू बी दमल्यावर बाळापूरलाच बसतूस की, च्याच्या टपरीवर," आजी रुख्मिणीबाई बायकांतून म्हणाली. तिला ना माळ हवा होता ना बाळापूर. ती रविवारपासून एकच सांगत होती, तलावालाच सांगा सरक म्हणून.

जगन उठून उभा राहिला. "मी जालन्याच्या बाजूला ठिबक बघून आलो. नळीतून थेंब थेंब पानी. ते इस्राईल देशाचं हाय. त्या लोकांनी वाळवंटात मोसंबी काढली. आपन माळावर काढू."

"मग इस्राईललाच जा म्हनावं, बापू."

"आबा," संगिता मध्येच म्हणाली, "त्या लोकांचं बी आपल्यासारखंच झालं होतं. जागेवरून भांडन."

ती बोलली तशी सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. जगननं डोळे वटारले. पण पेमा नायकाला ऐकायची सवय होती. ते म्हणाले, "उभी राहून सांग. कुणी सांगितलं तुला?"

"आमच्या संतराम गुरुजींनी. मीच इचारलं होतं. बा ठिबक ठिबक करून राहिला, तर मी म्हनलं, गुरुजी, तो देश तिथंच काहून झाला? दुसरीकडं काहून न्हाई?"

"मग?"

संगितानं वही आणलेली नव्हती, पण तिला तिची गरज नव्हती. ती सांगू लागली. यहुदी लोकांचं फार जुनं देऊळ जेरुसलेम गावी होतं. रोमच्या फौजेनं ते पाडलं, आणि पुढं ते लोक देशोदेशी पांगले. कुणी रशियात, कुणी पोलंडात, काही आपल्या कोकणातसुद्धा. अठराशे वर्षं पांगलेलेच. पण दर वर्षी सणाच्या जेवणाला म्हणायचे, पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये.

"अठराशे वर्षं?" रुख्मिणीबाई म्हणाली. "अन् कुणी इसरलं न्हाई?"

"न्हाई, आजी. पन रशियात त्यांची घरं जाळायला लागले, मानसं मारायला लागले. मग हर्झल नावाचा एक बातमीदार म्हनला, आपला एक देश पाहिजे. कुठं का आसंना. त्यानं आधी दोन नावं घेतली होती. एक त्यांचा जुना मुलूख, पॅलेस्टाईन. दुसरं अर्जेंटिना."

"ते कुठं आलं?"

"लई दूर. पृथ्वीच्या खालच्या अंगाला. मग एकोणीसशे तीन साली इंग्रज म्हनले, आमी आफ्रिकेत जागा देतो. घ्या."

रणजीत सरसावला. "बघा. सरकार देऊन राहिलं होतं. आयती जागा. घेतली का?"

"त्यांची मोठी सभा भरली, काका. आपल्यासारखीच. दोनशे पंच्याण्णव जन म्हनले, निदान जाऊन बघू तरी. एकशे अठ्ठ्याहत्तर म्हनले, बघायचं बी न्हाई. अन् ज्यांची घरं जळाली होती ना, रशियातले, तेच उठून बाहेर गेले. कुणी मेल्यावर बसतात तसे जमिनीवर बसले अन् रडले. ज्यांना जागेची सगळ्यात जास्त निकड, तेच म्हनले, आफ्रिका नको."

रुख्मिणीबाईनं पदर सावरला. "बराबर हाय त्यांचं," ती हळूच म्हणाली.

"मग बघायला तिघं जन गेले. येऊन बहुतेकांनी सांगितलं, इतकी मानसं तिथं पोसायची न्हाईत. अन् तिथं बी गुरं राखनारे लोक होतेच. दोन वर्षांनी सभेनं आफ्रिका सोडून दिली. मग पहिलं महायुद्ध झालं. त्यात इंग्रजांनी पॅलेस्टाईन तुर्कांकडून घेतलं, अन् घेता घेता चिठ्ठी लिहून दिली, हितं यहुद्यांचं घर होऊ द्यायला आमी मदत करू. लोक जहाजानं येत गेले, जमिनी घेत गेले. मग हिटलरनं त्यांची साठ लाख मानसं मारली. साठ लाख, आबा. जे वाचले त्यांना कुठंच जागा न्हवती. शेवटी सगळ्या देशांनी मिळून मतं टाकली. तेहतीस बाजूनं, तेरा इरोधात. अन् अठ्ठेचाळीस साली झेंडा लागला. अठराशे वर्षांनी."

तिचा आवाज चढला होता. मागं कुणीतरी टाळी वाजवली. जगन तर असा फुलला, जणू झेंडा त्यानंच लावला होता. "बघा, बापू. धीर धरला, एकी धरली, अन् आपल्या मनाची जागा घेतली."

"पोरी," मागून एक आवाज आला, "त्या तेरा देशांत आपला देश होता. रेडिओवर आमच्या अब्बांनी ऐकलं होतं. पुढं सांग. तिथं कुणी राहात न्हवतं का?"

साखऱ्याचे खाजा मिया कडेला निंबाच्या मुळावर बसले होते. गाद्या भरणारे पिंजारी, पांढरी दाढी, खांद्यावर कापसाचे धागे चिकटलेले. कधी आले, कुणाला कळलं नव्हतं. त्यांच्यामागं त्यांची नात आलिया उभी होती, संगिताच्या वर्गातली. ती संगिताकडं बघत नव्हती.

संगिता अडखळली. गुरुजींनी हा भाग सांगितला होता, आणि सांगून म्हणाले होते, याचं उत्तर मी देत नाही, तू शोध.

"होते," ती म्हणाली. "अरब होते. इंग्रजांनी चिठ्ठी लिहिली तवा धा मधले नऊ तेच होते. त्यांना कुणी इचारलं न्हाई. चिठ्ठीत लिहिलं होतं, त्यांच्या हक्काला धक्का लागू नये. पन लागला. लढाई झाली. सात लाख मानसं घरं सोडून गेली. काही जनांनी कुलपं लावून किल्ल्या बराबर नेल्या. आजून बी ठिवल्यात म्हनं."

"हां," खाजा मिया म्हणाले. त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठायला थोडा वेळ घेतला. "नायक, तकलीफ द्यायला आलो. माळावर तुमच्या पोरांनी दगड उचलले. ते दगड न्हवते."

त्यांनी माळाच्या दिशेनं हात केला.

"तापाची साथ आली होती, आमच्या आजाच्या वक्ताला. कब्रस्तानात जागा पुरली न्हाई. लहान लेकरं माळावर ठेवली. मोठ्या लेकराला मोठा दगड, लहानाला लहान. माझ्या अब्बांचे दोन भाऊ हायत तिथं. नाव न्हाई, कागद न्हाई. आमी सालातून एकदा जातो, दिवा लावतो. तुमचा बैल बसला, बरं झालं, जनावराला काय ठाऊक. पन मानसांनी इचारायचं होतं."

संगिताला आजीसाठी मांडलेली चूल आठवली. तीन छोटे, चपटे, सारख्या उंचीचे दगड.

खरं सांगायचं तर, बाळांनो, त्या क्षणी तिथं कुणाचंच वागणं फारसं शोभलं नाही. जगन म्हणाला, कागदावर ते गायरान आहे, कागदात कबर नाही. रणजीत खुशीत येऊन म्हणाला, मग संपलं, बाळापूर. आणि रुख्मिणीबाई, जिनं आत्ताच ठरवलं होतं की माळच हवा, ती नवऱ्याच्या कानाशी वाकली. पण तिचं कुजबुजणं चार घरांपलीकडं ऐकू जायचं.

"त्याला आठवन करून द्या. निजाम गेला त्या पोलिस ॲक्शनच्या साली त्याच्या बापाला तुमच्या बापानं कडब्याच्या गंजीत नऊ दिवस लपवला होता. भाकर मी न्हेऊन दिली, नवी नवरी होते तवा."

पेमा नायकानं मान हलवली. "ते मागायचं न्हाई."

"काहून?"

"बापानं ते काही मागायसाठी केलं न्हवतं. मी त्याचं काही मागितलं तर बापाचं केलेलं मातीत गेलं." मग ते मोठ्यानं म्हणाले, "खाजा भाई, चूक आमची. उद्या सकाळी मी माळावर येतो. तुमी म्हनाल तसं."

खाजा मियांनी हात छातीशी नेला आणि ते गेले. आलिया जाताना एकदाच वळली. सभा मोडली. चौदा घरांची एकवीस झाली, असं रणजीत मोजत बसला.

गुरुवारी उजाडताच संगिता एकटी माळावर निघाली. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. चुलीजवळ जाऊन तिनं एक दगड उचलला, फ्रॉकच्या घोळानं पुसला. मग दुसरा. तिसरा उचलताना तिच्या हातावर सावली पडली. रुख्मिणीबाई धापा टाकत उभी होती.

"चूल माझ्यासाठी मांडली होतीस ना?" ती म्हणाली. "मग एक दगड मला दे."

दोघी उभ्या राहिल्या. दगड कुठले, हे कळणार कसं? तेवढ्यात उतारावरून आलिया आली. बकऱ्या पुढं घालून. तिनं दोघींकडं पाहिलं आणि गवत बाजूला सारलं. खाली मातीत फिकट चौकोन उमटले होते. ऐंशी वर्षं ऊन न लागलेली माती वेगळ्या रंगाची असते, मुलांनो. पहिला दगड आपल्या चौकोनात असा बसला, की संगिताला रडूच आलं.

"एकूण तेवीस हायत," आलिया म्हणाली. "मला मोजायला शिकवलं ते इथंच, आजोबांनी."

तेवीस दगड दोघींना, तिघींना उरकणारे नव्हते. रुख्मिणीबाई माळाच्या टोकाला गेली आणि तिनं खाली तांड्याकडं तोंड करून हाक मारली. ती हाक आजही तांड्यात सांगतात. आधी बायका आल्या. मग पोरं. मग जगन आला, मान खाली घालून, आणि त्यानं स्वतः ठोकलेल्या खुंट्या उपटायला सुरुवात केली. सर्वांत शेवटी रणजीत आला, हात खिशात घालून, गंमत बघायला. आईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. त्यानं हात बाहेर काढले.

खाजा मिया आणि पेमा नायक पोचले तेव्हा बावीस दगड जागेवर होते. तेविसावा संगिताच्या हातात होता आणि आलिया जागा शोधत होती. खाजा मिया स्वतः खाली बसले, हातानं माती चाचपली आणि म्हणाले, "इथं." दगड बसला. त्यांनी डोळे मिटून ओठ हलवले. हरण्या लांब उभा राहून शेपटी हलवत होता.

मग दोघं म्हातारे दगडांपासून थोडे दूर जाऊन बसले. सगळे ऐकायला भोवती उभे राहिले.

"नायक," खाजा मिया म्हणाले, "कडब्याच्या गंजीचं मला अब्बांनी सांगितलं होतं. कालपास्नं वाट बघत होतो, तुमी आता काढता का मग काढता. काढलं असतं तर माळ देऊन टाकला असता अन् परत तुमच्या दारात पाय ठेवला नसता."

"म्हनून न्हाई काढलं," पेमा नायक म्हणाले. आणि थोडं थांबून, "बायको मातर काढत होती."

"ऐकलं. आमच्या गावापस्तोर ऐकू आलं."

रुख्मिणीबाईसकट सगळे हसले. गाठ इथं सैल झाली. पुढचं मग भराभर झालं. घरं उगवतीच्या उताराला, तेवीस दगडांपासून पन्नास पावलं सोडून. बकऱ्यांना पाण्याकडं जायला वाट मोकळी. आणि साखऱ्याहून दगडांपर्यंत, दिवा घेऊन जाणाऱ्यांसाठी, घरांच्या मधून आठ हात रुंद रस्ता. त्यावर कुणी ओटा काढायचा नाही, उकिरडा घालायचा नाही. बदल्यात साखऱ्यातली खाजा मियांच्या भावकीची आठ घरंही तांड्याच्या कागदावर लिहून देणार की आमची हरकत नाही.

"आठ हात," रणजीत म्हणाला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "तो रस्ता खाली साखऱ्यापस्तोर जाईल ना? मग तिथून... जीप जाईल का?"

पाच दिवसांनी पहिल्यांदा जगननं थेट भावाकडं तोंड केलं. "आठ हातात तुझी जीप बी जाईल, तू बी जाशील. फक्त हॉर्न वाजवायचा न्हाई. लेकरं झोपलीत."

रणजीत त्या दगडांकडं बघत राहिला. "न्हाई वाजवनार, दादा," तो म्हणाला. बाळापूरची एकवीस घरं त्या एका शब्दासरशी माळावर आली.

शुक्रवारी सकाळी कागद तयार झाला. अडतीस घरांचे अंगठे आणि सह्या, खाली साखऱ्याच्या आठ. रणजीत कागद खिशात घालून जीपनं सेनगावला गेला. दिवसभर तांड्यात कुणाला भाकर गोड लागली नाही. ऊन कलल्यावर साखऱ्याच्या रस्त्यावर धूळ दिसली. हॉर्न ऐकू आला, एकदा, दोनदा, मग थांबेचना. माळाच्या पायथ्याशी येताच तो गपकन बंद झाला, आणि त्या गप्प होण्यावरूनच सगळ्यांना कळलं. रणजीत टपावर चढला, शिक्क्याचा कागद दोन्ही हातांत धरून. अडतीस घरं, एक जागा. एकही घर तुटलं नाही.

बायकांनी फेर धरला. डफडं निघालं. साखऱ्याहून आलियाची आजी मदीनाबी शिरखुर्म्याचं पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, "ईद न्हाई, पन आहे." म्हाताऱ्या पेमा नायकानं झेंड्याची काठी स्वतःच्या खांद्यावरून माळावर आणली. खड्डा खणून त्यांनी ती रोवली. पांढरा झेंडा वाऱ्यावर उघडला तेव्हा त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही, वर पाहिलं.

मग चुन्याचा डबा आला. आता घरांच्या रेघा मारायच्या. पहिली रेघ कुणाच्या घराची, यावर लगेच वाद सुरू झाला. जगन म्हणे नायकाच्या. रणजीत म्हणे रस्त्याकडच्या घराची, ते त्याचं होतं. रुख्मिणीबाई म्हणे, चुलीची जागा आधी आखा, घर मागून येईल.

पेमा नायकानं डबा उचलून संगिताच्या हातात दिला. "हिनं सगळ्यांना गोष्ट सांगितली. हीच मारंल."

संगिता डबा घेऊन उभी राहिली. सगळी अडतीस घरं तिच्याकडं बघत होती. हरण्या बसला होता ती जागा तिनं पाहिली, उगवतीचा उतार पाहिला. मग ती वळली आणि साखऱ्याच्या बाजूला, माळाच्या पार कडेला चालत गेली. तिथून तिनं आलियाला हाक मारली, सुतळीचं एक टोक तिच्या हातात दिलं, आणि आठ हात मोजले. मग वाकून, डबा हळूहळू हलवत, तिनं तेवीस दगडांकडं जाणाऱ्या वाटेची पहिली पांढरी रेघ मारायला सुरुवात केली.